पावणेपाचची रिकामी ओळ

१

वठारातल्या, म्हणजे एकाच अंगणाभोवतीच्या, सहा घरांत मिळून फोन एकच, आणि तो अंबुबाईंच्या घरी. त्यामुळे कुणाच्या घरी काय चाललंय हे कळायला त्यांना फारसे कष्ट पडत नसत. फोन वाजला की त्या भिंतीवर दोन थापा मारायच्या, "नीलू, फोन! नागपूरचा!" अशी हाक द्यायच्या, येणारीला फोनजवळच्या बाकावर बसवायच्या आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत उभ्या राहायच्या. तांदूळ सकाळीच निवडून झालेले असले तरी.

बाकाचा एक पाय आखूड होता. त्यावर एक माणूस बसलं तर काही नाही; दुसरं शेजारी टेकलं की बाक 'टक' करून त्या बाजूला कलायचा. अंबुबाईंचे यजमान जयसिंगराव वर्षानुवर्षं म्हणत होते, सुताराला बोलावतो. म्हणत होते आणि पत्ते खेळायला बागेत जात होते.

बसवनगुडीतल्या कानडी वस्तीत अंबुबाईंना तीस वर्षं झाली होती. जिभेवरची निपाणी गेली नव्हती, फक्त मध्येमध्ये कानडी 'स्वल्प' आणि 'सरी' येऊन बसले होते. सगळं वठार त्यांना अंबक्का म्हणे. शेजारच्या खोलीत राहायला आलेली नीलिमा तेवढी काकू म्हणे. कंप्युटर कंपनीत तिला कायमची रात्रपाळी होती. दोन हजार साल उजाडलं की यंत्रांची घड्याळं चुकणार होती म्हणे, आणि ती दुरुस्त करायचं काम अमेरिकेच्या दिवसात, म्हणजे इथल्या रात्रीत चालायचं. पोर सकाळी यायची, संध्याकाळी पाचपर्यंत झोपायची. निदान जूनपर्यंत तरी झोपायची. जूनमध्ये नागपुरात तिची आई गेली, तेव्हापासून दुपारभर भिंतीपलीकडून तिच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या.

दिवाळीनंतर बसवण्णाच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरली. त्यातल्या शेंगा उकडून अंबुबाई ताटली घेऊन गेल्या, तर नीलिमा जमिनीवर मांडी घालून, पुढ्यात एक काळी पेटी उघडून बसलेली.

"हे काय गं नवीन?"

"लॅपटॉप आहे काकू. जुनाच आहे. ऑफिसातल्या शंतनूने नोकरी सोडताना मला दिला. दिवसपाळीच्या नोकरीची परीक्षा देऊन राहिली ना मी, सरावाला." तिने कपाळावरचे केस मागे सारले. "त्याचं सगळं पुसून सिस्टीम नव्याने टाकली. तेव्हापासून सुरूच होत नाही."

"मग पुसलंस कशाला? चालत होतं की."

"दुसऱ्याचं कशाला ठेवायचं?"

"तेही खरं. भाड्याच्या घरात आपण आधी चुना मारून घेतोच."

नीलिमा हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच. त्या हसण्यासाठी अंबुबाई तिथेच फतकल मारून बसल्या.

तिने बटण दाबलं. आत काहीतरी गुरगुरलं, एक चित्र उमटलं, मग सगळा पडदा निळा झाला, वर पांढरी अक्षरं आली आणि यंत्र मुकाट झालं. तिने बंद केलं, पुन्हा लावलं. पुन्हा निळं. पालथं घालून खालचं झाकण उघडलं, आतली एक हिरवी पट्टी काढून फुंकून परत बसवली. पुन्हा निळं. अंबुबाई सातवीपर्यंत शिकलेल्या; इंग्रजी अक्षरं आणि आकडे त्यांना लागायचे. कोपऱ्यातले आकडे त्यांनी वाचले.

"पावणेपाच झाले म्हणतंय हे. अजून तीन नाही वाजले."

"आत घड्याळाची एक बॅटरी असते, गोळीएवढी. ती मेली की वेळ विसरतं ते."

"विसरलं तर बारा दाखवील. दर वेळी पावणेपाचच कसे गं आठवतात?"

"तुम्ही आमच्या कंपनीतच या काकू," नीलिमा म्हणाली आणि शेंग सोलायला लागली.

अंबुबाई हसल्या नाहीत. रिकामी ताटली घेऊन त्या घरी आल्या आणि फोनजवळच्या बाकावर बसून राहिल्या. दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा उठल्या.

२

दुसऱ्या दिवशी नीलिमाने नवी बॅटरी आणून घातली, घड्याळ नीट लावलं. यंत्र बंद करून सुरू केलं. पावणेपाच.

"आता?" अंबुबाईंनी विचारलं. त्या दोनलाच येऊन बसल्या होत्या, हातात विणकाम घेऊन.

"आता एकेक करून बघायचं. सुरू होताना ही कळ दाबून धरली की ते प्रत्येक गोष्ट विचारून मगच उचलते. हे घेऊ का, ते घेऊ का. होय तर वाय, नाही तर एन. कुठे अडते ते कळेल."

हे अंबुबाईंना आवडलं. विचारून घरात येणारं यंत्र. काळ्या पडद्यावर एकेक ओळ उमटू लागली, प्रत्येकीच्या शेवटी प्रश्नचिन्ह. नीलिमा नाव मोठ्याने वाचायची, वहीत लिहायची, वाय दाबायची. अंबुबाई जपाला मोजतात तशा बोटांच्या पेरांवर ओळी मोजत होत्या.

निळं आलं तेव्हा नीलिमाने वही पाहिली. "वीस. वीसही बरोबर उचलल्या. मग अडलं कुठे?"

"एकवीस."

"वीस आहेत काकू. हे बघा."

"बाराव्या ओळीनंतर एक रिकामी होती. नुसतं प्रश्नचिन्ह. त्यालाही तू वाय दाबलंस."

"मी?" तिला आठवेना. पुन्हा लावलं. या वेळी ती सावकाश गेली. बाराव्या ओळीनंतर पडद्यावर नुसतं प्रश्नचिन्ह उमटलं, मागे काहीच नाही, आणि शेजारी एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. बाकीच्या ओळींपाशी रेघ भराभर लुकलुके. इथे ती थांबून थांबून, बेताने.

"ह्याला नावच नाही," नीलिमा म्हणाली. "कशाला होय म्हणायचं?"

तिने वाय दाबलं. निळं आलं. आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडे, अंबुबाईंच्या घरात, फोन 'टिंग' असा एकदाच, अर्धवट वाजला.

"फोन, काकू."

अंबुबाई धावल्या. रिसीव्हर उचलला तेव्हा नेहमीची गूं ऐकू आली, बाकी काही नाही. राँग नंबर असेल. कुठे तरी तारेला तार लागली असेल. असं असतं. त्यांनी स्वतःला हे दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा सांगायच्या आधी परत जाऊन विणकाम हातात घेतलं.

"कोण होतं?"

"कुणी नाही गं."

हेच शब्द आपण हिला आधीही एकदा म्हणालो आहोत, हे त्यांच्या टाक्यांच्या मधोमध येऊन बसलं. तो टाका सुटला.

३

जूनमधला तो मंगळवार अंबुबाईंना घड्याळासकट आठवत होता. पावणेपाच. दूध तापत होतं. फोन वाजला, बाहेरगावचा वाजतो तसा लांब.

"मी नीलूची आई बोलते. झोपली का ते?"

"झोपलीय हो. दोन दिवस कणकण होती, आत्ता कुठे डोळा लागलाय."

"दोन मिनिटं बोलायचं होतं."

मागे बूथमधल्या मीटरची टिकटिक ऐकू येत होती. सायकलरिक्षाची घंटी. बाईंचा श्वास जरा जोरात चालला होता. चालत आल्या असतील, उन्हातून. भिंतीवर दोन थापा मारायच्या, बस. पण थापा मारणारा हात अंबुबाईंनी पदरातच ठेवला. पोरीच्या झोपेची काळजी होती, हे खरं. पण तेवढंच खरं नव्हतं. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि भिंतीपलीकडच्या त्या झोपेची राखण करणं त्यांना आवडायला लागलं होतं. त्या घटकेला पोर त्यांची होती.

"उद्या करा ना," त्या म्हणाल्या.

मीटर टिकटिकत राहिलं.

"बरं," बाई म्हणाल्या. "झोपू द्या. उद्या करते."

त्या रात्री नीलूची आई गेली. नीलू ऑफिसात होती. तेराव्यानंतर परत आली तेव्हा तिने विचारलं होतं, "काकू, माझा भाऊ ध्रुव सांगून राहिला होता, आई त्या दुपारी बूथवर गेली होती म्हणून. इकडे फोन आला होता का कुणाचा?"

"नाही बाई," अंबुबाई म्हणाल्या होत्या. "कुणी नाही गं."

४

शुक्रवारी नीलिमाने रिकाम्या ओळीला एन म्हणून पाहिलं. यंत्र मुकाट्याने सुरू झालं. रंगीत पडदा आला, बाण हलू लागला. तिने टाळ्या वाजवल्या, अंबुबाईंनी गूळ आणून तिच्या तोंडात कोंबला. झालं, संपलं. त्या रात्री अंबुबाई गाढ झोपल्या.

शनिवारी पुन्हा निळं. पुन्हा तीच ओळ.

"कालच तर नाही म्हणून सांगितलं," नीलिमा म्हणाली, "आज परत विचारते."

"मग आजही नाही म्हण."

म्हटलं, यंत्र चाललं. रविवारी पुन्हा विचारलं. सोमवारी नीलिमाने पुस्तक उघडलंच नाही. भिंतीला टेकून ती नुसतं त्या रेघेकडे पाहत होती. डोळ्यांखाली काळं धरलं होतं. सकाळी दिलेला उपमा तसाच झाकलेला होता.

"काकू, हे बघा. श्वास घेतल्यासारखी नाही वाटत ही रेघ?"

"काहीतरी बोलू नको."

"मला वाटते दाराबाहेर कुणी उभं आहे. चांगलं माणूस आहे, घाई नाही करत. आणि मी रोज आतून नाही म्हणून राहिली." तिचं बोट वायच्या कळीवर फिरत होतं, दाबत नव्हतं. "उद्या होय म्हणून बसूनच राहते. निळं झालं तरी बंद नाही करत. बघते काय होते ते."

अंबुबाई उठल्या. त्या घरातून खडूचा तुकडा घेऊन आल्या आणि नीलिमाच्या दारावर बाहेरून, ठळक कानडी अक्षरांत लिहू लागल्या. वठारातल्या बाकीच्या पाचही दारांवर ही अक्षरं होती. पुसट झाली की अंबुबाई स्वतः गिरवायच्या. नीलिमाच्या दाराला ती राहायला आली तेव्हाच नवा रंग दिलेला, म्हणून ते कोरं राहून गेलं होतं.

"काय लिहिता? मला नेहमी वाटायचं घरपट्टीचा नंबर आहे."

"नाळे बा. उद्या ये." त्यांनी बोटांवरचा खडू पदराला पुसला. "नको तेव्हा दारात कुणी येऊन आपल्या माणसाच्या आवाजात हाक मारली, तर हे वाचून परत जातं. इथली रीत आहे."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी येऊन परत तेच वाचायचं."

"म्हणजे रोज यायचं?" नीलिमाने त्या अक्षरांवरून हलकेच बोट फिरवलं. "बिचारं. कुणी एकदा सरळ नाही तरी म्हणावं. उद्या ये म्हटल्यावर ते येणारच ना, काकू."

खडूचा तुकडा अंबुबाईंच्या हातातून पडला. त्या उचलायला वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

५

मंगळवारी अंबुबाईंचा फोन बंद होता. खरं तर रविवारपासूनच. कोपऱ्यावर गटारासाठी रस्ता खणला होता आणि खाली केबल तुटली होती. लाइनमन रोज खड्ड्यात डोकावायचा आणि "नाळे, अंबक्का, नाळे" म्हणून सायकलवर टांग टाकायचा. आज त्याच्या तोंडून तो शब्द ऐकताना अंबुबाईंनी कानांवर हात ठेवले.

साडेचारला त्या नीलिमाकडे गेल्या. विणकाम नेलं नाही, ताटली नेली नाही. पोर यंत्रासमोर बसली होती. बारा ओळी होऊन गेल्या होत्या. पांढरी रेघ बेताने लुकलुकत होती.

"नीलू, स्वल्प थांब. आधी माझं ऐक. मग मला घरातून हाकलायचं तर हाकल."

त्यांनी सांगितलं. दूध, कणकण, मीटरची टिकटिक, दोन मिनिटं. उद्या करा ना. सगळं सांगितलं, पदरात ठेवलेला हातही सांगितला, आणि तो का ठेवला तेही. सांगताना त्या रेघेकडेच पाहत होत्या, कारण पोरीकडे पाहवत नव्हतं.

नीलिमाने यंत्राकडची नजर त्यांच्याकडे वळवली.

"श्वास लागला होता तिला?"

"जरासा. उन्हातून आल्या होत्या."

"बूथ चौकात आहे. तिला तेवढंही चालवत नव्हतं." तिचा आवाज अगदी साधा होता. "पाच महिने मी समजून राहिली काकू, की ती तिथे दुसऱ्याच कुणाला फोन करायला गेली. जायच्या दिवशीसुद्धा तिला माझी आठवण नाही आली म्हणून."

अंबुबाईंना वाटलं होतं, पोर ओरडेल, रागावेल. त्याची त्यांनी तयारी केली होती. ह्याची केली नव्हती.

"भ्याले गं मी."

"हो," नीलिमा म्हणाली. मग तिने हात लांब करून अंबुबाईंचा हात धरला, आणि दुसऱ्या हाताने वाय दाबलं.

निळं आलं नाही. पडदा काळाच राहिला. प्रश्नचिन्ह गेलं, रेघ गेली. कोपऱ्यात पावणेपाच तेवढे राहिले. दोघींच्या मनगटांवरच्या घड्याळांतही पावणेपाचच झाले होते.

भिंतीपलीकडे फोन वाजला. लांब, बाहेरगावचा वाजतो तसा.

६

दुसरा लांब ठोका. तिसरा.

"बंद आहे ना तो?" नीलिमाने हळूच विचारलं.

"बंद आहे."

चौथा ठोका. अंबुबाईंना वाटलं, वाजून वाजून थांबेल. आपण दोघी अशाच हात धरून बसू, तो थांबेल, उद्या लाइनमन येईल. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण पुन्हा तेच करतो आहोत. त्या उठल्या. स्वतःच्या घरात शिरताना आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी उंबऱ्याशी चपला तशाच पायात ठेवल्या, न जाणो परत पळावं लागलं तर.

रिसीव्हर उचलला. नेहमीची गूं नव्हती. लांबवर मीटरची टिकटिक चालली होती. सायकलरिक्षाची एक घंटी. आणि दमून आलेल्या माणसाचा श्वास.

"झोपली का ते?"

अंबुबाईंनी डोळे घट्ट मिटले. मग तीस वर्षांच्या सवयीनेच त्यांना सोडवलं.

"जागी आहे," त्या म्हणाल्या. "थांबा हं. बोलावते."

आणि त्यांनी भिंतीवर दोन थापा मारल्या. "नीलू, फोन! नागपूरचा!"

पोर धावत आली. अनवाणी, ओढणी एका खांद्यावर. तिला बाकावर बसवलं, रिसीव्हर तिच्या हातात दिला. स्वयंपाकघराच्या दारात तांदळाचं सूप तयारच होतं. अंबुबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि बाहेर जाऊन आपल्या घराचं दार आपल्या हाताने ओढून घेतलं.

अंगणात त्या धुण्याच्या दगडापाशी उभ्या राहिल्या. नळ ठिबकत होता. कुणाच्या तरी रेडिओवर कानडी बातम्या चालल्या होत्या. खिडकी बोटभर उघडी होती. बघायचं नाही, असं ठरवूनही नजर गेलीच, तेवढ्यापुरती. नीलू रिसीव्हर कानाला लावून बसली होती. ऐकत होती. मग तिने मान वळवून शेजारी पाहिलं, ओढणीचं टोक आवरून घेतलं आणि बाकाच्या कडेला सरकली. कुणाला टेकायला जागा करून द्यावी तशी.

बाकाने 'टक' केलं.

अंबुबाईंच्या अंगावर काटा उभा राहिला, मानेपासून टाचेपर्यंत. त्यांनी पाठ फिरवली. नळ पूर्ण सोडला आणि खाली बादली लावली, पाण्याच्या आवाजात आतलं काही ऐकू येऊ नये म्हणून. बादली भरली. त्यांनी ती ओतून दिली आणि पुन्हा लावली. अशा किती बादल्या त्यांनी भरल्या आणि ओतल्या, ते त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

दार उघडलं तेव्हा उन्हं कौलांवर चढली होती. नीलिमा उंबऱ्यात उभी होती. रडून झालेला चेहरा होता, पण लहान मूल रडून झोपून उठतं तसा. आतल्या बाकावर कुणी नव्हतं. रिसीव्हर जागेवर होता.

अंबुबाईंच्या ओठांवर शंभर प्रश्न आले. काय म्हणाल्या? दोन मिनिटांचंच होतं का? माझं काही म्हणाल्या का? त्यांच्या आयुष्यात इतके प्रश्न एकदम कधी आले नव्हते, आणि आले असते तर एकही परत गेला नसता.

"कॉफी टाकते," त्या म्हणाल्या. "घट्ट."

"टाका." नीलिमा जांभई देत होती. "काकू, एक ओलं फडकं द्याल? दार पुसते माझं."

अंबुबाईंनी फडकं बादलीत बुडवून, पिळून दिलं. ती पाठमोरी होऊन पुसू लागली. 'नाळे' गेलं, मग 'बा' गेलं, नवा रंग ओला होऊन चकाकला. तिच्या खोलीतून यंत्र गुरगुरल्याचा आवाज आला, कुणी हात न लावता, आणि उघड्या दारातून रंगीत पडद्याचा उजेड जमिनीवर पडला.

कॉफी होईपर्यंत पोर दाराला टेकून बसल्याबसल्याच झोपली होती. अंबुबाईंनी पेला खाली ठेवला, तिच्या हातातलं फडकं सोडवून घेतलं. भिंतीपलीकडचं नाही, आता अगदी समोरचं झोपणं. त्या राखण करायला बसल्या नाहीत. शेजारी, हातभर अंतर सोडून बसल्या. मधली जागा मोकळी राहील अशा.